निर्धोक मॉर्फीनचा शोध : अफूवर्गीय वेदनाशामकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न

सारांश

तीव्र वेदनेवर अफूवर्गीय औषधांइतका खात्रीचा उपाय वैद्यकशास्त्राला आजही फारसा सापडलेला नाही. मात्र श्वसन मंदावणे, बद्धकोष्ठता, औषधाची मात्रा वाढवीत जावे लागणे आणि व्यसन हे या औषधांचे दोष तितकेच जुने आहेत. वेदनाशमनाचा गुण ठेवून दोष वगळता येतील काय, या प्रश्नाचा पाठपुरावा सुमारे दीडशे वर्षे चालू आहे. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांचा ऐतिहासिक आणि शास्त्रीय आढावा घेतला असून, १९९९ ते २०२० या काळात विशेष गाजलेल्या 'पक्षपाती उद्दीपका'च्या सिद्धांताची सविस्तर चर्चा केली आहे. तसेच अन्य पर्यायी मार्गांचा आणि भारतीय परिस्थितीचा विचार करून, 'सुरक्षित' या शब्दाची शास्त्रीय कसोटी कोणती असावी हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : मॉर्फीन, म्यू ग्राही, श्वसनमंदता, सह्यता, पक्षपाती उद्दीपक, अंशतः उद्दीपक, वेदनाशमन.

प्रस्तावना

खसखशीच्या झाडाच्या कच्च्या बोंडांना चिरा पाडल्यावर जो पांढरट चीक स्रवतो, तो वाळला म्हणजे अफू तयार होते. भारतीय वैद्यकात 'अहिफेन' या नावाने ती ओळखली जाते. जर्मनीतील फ्रीडरिक झेर्ट्यूर्नर या तरुण औषधनिर्मात्याने १८०५ च्या सुमारास अफूतील मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळे केले. ग्रीक पुराणातील स्वप्नदेवता मॉर्फियस हिच्या नावावरून त्याला पुढे मॉर्फीन हे नाव मिळाले. वनस्पतीपासून शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेलेले हे पहिले अल्कलॉइड मानले जाते. त्यामुळे मात्रा मोजून देणे शक्य झाले आणि आधुनिक औषधशास्त्राचा पाया घातला गेला.

कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्ण, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण किंवा गंभीर अपघातातील जखमी यांच्या बाबतीत मॉर्फीनला आजही सहजासहजी पर्याय देता येत नाही. दुसरीकडे याच वर्गातील द्रव्यांनी अमेरिकेत अभूतपूर्व मनुष्यहानी घडवून आणली. तेथे २०२१ या एका वर्षात मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे ८० हजार मृत्यूंमध्ये अफूवर्गीय द्रव्यांचा, त्यातही प्रामुख्याने बेकायदेशीरपणे तयार केलेल्या फेंटॅनिलचा संबंध होता. एकच द्रव्य एका रुग्णाला सन्मानाने जगू देते आणि दुसऱ्याचा प्राण घेते. या दोन परिणामांची फारकत करता येईल काय, हा केवळ रसायनशास्त्राचा प्रश्न नसून आरोग्यधोरण, कायदा आणि वैद्यकीय नीती यांच्याशीही तो निगडित आहे.

'सुरक्षित' पर्यायांचा पूर्वेतिहास

मॉर्फीनपेक्षा निर्धोक औषध सापडल्याची घोषणा अनेकदा झाली आहे. लंडन येथील रसायनतज्ज्ञ सी. आर. आल्डर राइट यांनी १८७४ मध्ये मॉर्फीनपासून डायअॅसिटिलमॉर्फीन तयार केले. जर्मनीतील बायर कंपनीने तेच द्रव्य १८९८ मध्ये 'हेरॉइन' या नावाने बाजारात आणले. खोकल्यावरील गुणकारी आणि मॉर्फीनसारखी सवय न लावणारे औषध अशी त्याची ख्याती करण्यात आली. प्रत्यक्षात हे द्रव्य मेंदूत मॉर्फीनपेक्षा अधिक वेगाने पोहोचते आणि तेथे त्याचे पुन्हा मॉर्फीनसदृश द्रव्यांत रूपांतर होते. अवघ्या काही वर्षांत त्याचे व्यसनकारी स्वरूप उघड झाले आणि १९२४ मध्ये अमेरिकेने त्याच्या निर्मितीवर बंदी घातली.

पुढे १९२९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने व्यसनविषयक समिती स्थापन केली. व्यसन न लावणारा मॉर्फीनचा पर्याय शोधणे हे तिचे प्रमुख उद्दिष्ट होते. रसायनतज्ज्ञ लिंडन स्मॉल आणि औषधशास्त्रज्ञ नेथन एडी यांनी मॉर्फीनच्या रेणूत पद्धतशीर फेरबदल करून अनेक नवी संयुगे तपासली. त्यांतील डेसोमॉर्फीन हे वेदनाशमनात मॉर्फीनहून प्रभावी ठरले, परंतु त्याची ओढही तितकीच प्रबळ निघाली. रेणूची रचना बदलली की गुण आणि दोष दोन्ही एकाच दिशेने सरकतात, हा अनुभव या काळात वारंवार आला.

१९५४ मध्ये लासान्या आणि बीचर यांना एक वेगळाच धागा सापडला. मॉर्फीनचा परिणाम उलटविणारे नॅलॉर्फीन हे द्रव्य स्वतःही वेदना कमी करते, असे त्यांना आढळले. मात्र त्यामुळे रुग्णांना अस्वस्थता आणि भास होत असल्याने त्याचा औषध म्हणून उपयोग झाला नाही. याच मार्गाने पुढे पेंटाझोसिन तयार झाले आणि १९६७ मध्ये अमेरिकेत ते उपलब्ध झाले. सुरुवातीला त्याच्यावर मादक द्रव्यांचे निर्बंध नव्हते. तथापि त्याचा गैरवापर वाढल्यामुळे १९७९ मध्ये त्याला नियंत्रित द्रव्यांच्या यादीत घालावे लागले. भारतातही टोचून घेण्याच्या नशेसाठी पेंटाझोसिनचा वापर झाल्याचे वैद्यकीय साहित्यात नोंदविलेले आहे.

या मालिकेतील सर्वांत घातक प्रकरण ऑक्सिकाँटिनचे होय. पर्ड्यू कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या या गोळीतून ऑक्सिकोडोन हे द्रव्य बारा तास हळूहळू बाहेर पडे. संथ शोषणामुळे गैरवापराची शक्यता कमी होते असे मानले जाते, असा मजकूर तिच्या अधिकृत माहितीपत्रकात होता. गोळी कुटली की संपूर्ण मात्रा एकदम मोकळी होते, ही साधी बाब गैरवापर करणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आली. औषधाच्या जोखमीविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. या काळात रुग्णालयातील रुग्णांना व्यसन लागणे दुर्मीळ असते, या मताच्या पुष्ट्यर्थ १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पाच वाक्यांच्या पत्राचा आधार सर्रास घेतला जात असे. त्या पत्राचा सहाशेहून अधिक वेळा संदर्भ दिला गेल्याचे २०१७ मधील पाहणीत आढळले. बहुसंख्य लेखकांनी ते पत्र पुरावा म्हणून वापरले होते. रुग्णालयात अल्पकाळ दिलेल्या औषधाविषयीचे निरीक्षण घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या रुग्णांना लागू करण्यात आले, हा त्यातील मूलभूत तर्कदोष होता.

ग्राहींचा शोध आणि मूळ अडचण

शरीरात अफूवर्गीय द्रव्यांसाठी विशिष्ट ग्राही, अर्थात रिसेप्टर, असतात हे १९७३ मध्ये सिद्ध झाले. अमेरिकेत कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर आणि एरिक सायमन, तर स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनी जवळपास एकाच वेळी हे दाखविले. वनस्पतीतील द्रव्यासाठी मानवी मेंदूत जागा का असावी, या प्रश्नाचे उत्तर १९७५ मध्ये मिळाले. स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी शरीर स्वतः तयार करीत असलेली एन्केफॅलिन ही मॉर्फीनसदृश पेप्टाइडे शोधून काढली. पुढील काळात म्यू, डेल्टा आणि कॅप्पा असे तीन प्रमुख ग्राही निश्चित झाले.

यामुळे एक आशा निर्माण झाली. वेदनाशमन एका ग्राहीमार्फत आणि दुष्परिणाम दुसऱ्यामार्फत होत असतील, तर पहिल्यालाच चेतविणारे औषध बनविले की काम झाले. ब्रिजिट कीफर यांच्या गटाने १९९६ मध्ये या आशेला मोठा छेद दिला. म्यू ग्राहीचे जनुक नसलेल्या उंदरांवर मॉर्फीनचा वेदनाशामक परिणाम होत नाही, त्यांना त्याची ओढही लागत नाही आणि त्यांच्यात शारीरिक अवलंबित्वही निर्माण होत नाही, असे या प्रयोगात दिसून आले. म्हणजेच गुण आणि दोष यांचे दार एकच होते. कॅप्पा ग्राही चेतविल्यास खिन्नता व भास होतात. डेल्टा ग्राहीला चेतविणाऱ्या काही द्रव्यांनी प्राण्यांत आचके येतात. त्यामुळे ती दारेही निर्वेध नव्हती.

एकाच ग्राहीमुळे इतके भिन्न परिणाम का होतात, हे समजण्यासाठी तो कोठे असतो हे पाहावे लागते. म्यू ग्राही हे पेशीच्या आवरणातील प्रथिन आहे. मॉर्फीन त्याला चिकटले म्हणजे आतील बाजूचे जी प्रथिन कार्यान्वित होते. त्यामुळे पोटॅशियमचे मार्ग उघडतात, कॅल्शियमचे मार्ग बंद होतात आणि चेतापेशी शांत होते. मेरुरज्जूत वेदनेचा निरोप वाहून नेणारी पेशी शांत झाली तर वेदना कमी होते. मस्तिष्कस्तंभात श्वासाची लय राखणाऱ्या पेशी शांत झाल्या तर श्वसन मंदावते. आतड्याच्या भित्तिकेतील पेशी शांत झाल्या तर बद्धकोष्ठता होते. मेंदूतील सुखवेदनेच्या मंडलात डोपामीनला आवर घालणाऱ्या पेशी शांत झाल्या तर डोपामीन मोकळे सुटते आणि ओढ निर्माण होते. क्रिया एकच, परिणाम मात्र स्थानपरत्वे निराळा.

यात सह्यतेची भर पडते. औषध वारंवार घेतल्याने तितक्याच मात्रेचा परिणाम कमी होत जातो आणि मात्रा वाढवावी लागते. ही सह्यता सर्व परिणामांबाबत सारखी नसते. बद्धकोष्ठतेबाबत ती जवळजवळ येत नाही. तसेच औषध काही काळ थांबविल्यास सह्यता ओसरते. म्हणूनच व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आलेल्या व्यक्तीने पूर्वीची मात्रा घेतल्यास तिचा श्वास थांबण्याचा धोका फार मोठा असतो.

पक्षपाती उद्दीपकाचा सिद्धांत : उदय

ग्राही एकच असला तरी त्याच्या आत निघणारे निरोप एकाहून अधिक असतात. जी प्रथिनाखेरीज बीटा-अॅरेस्टिन नावाचे प्रथिनही चेतविलेल्या ग्राहीला येऊन चिकटते, त्याचे काम थांबविते आणि त्याला पेशीच्या आत ओढून नेते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात लॉरा बोन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे दाखविले की, बीटा-अॅरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांत मॉर्फीनचे वेदनाशमन अधिक तीव्र व दीर्घकाळ टिकणारे असते. २००५ मध्ये त्यापुढचा निष्कर्ष आला. अशा उंदरांत श्वसनमंदता आणि बद्धकोष्ठताही कमी आढळली.

यावरून एक सुबक सिद्धांत मांडला गेला. वेदनाशमन जी प्रथिनामार्फत होते आणि दुष्परिणाम बीटा-अॅरेस्टिनमार्फत होतात. म्हणून ग्राहीला असे वळण देणारा रेणू हवा की जो पहिला निरोप पाठवील आणि दुसरा पाठविणार नाही. अशा रेणूला 'पक्षपाती उद्दीपक' अशी संज्ञा मिळाली. या वर्गातील ग्राहींवरील मूलभूत संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी म्यू ग्राहीची स्फटिकरचनाही प्रसिद्ध झाली. ग्राहीचा आकार हाती आल्यामुळे संगणकावर लक्षावधी रेणू त्यात बसवून पाहणे शक्य झाले. अशा तीस लाखांहून अधिक रेणूंच्या चाळणीतून आलेल्या मूळ रेणूत सुधारणा करून पीझेडएम२१ हे संयुग तयार झाले. २०१६ मध्ये त्याची माहिती 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा वेदनाशमन करणारे आणि श्वसनावर फारसा परिणाम न करणारे संयुग म्हणून त्याचे स्वागत झाले.

या विचारातून रुग्णापर्यंत पोहोचलेले पहिले औषध म्हणजे ट्रेव्हेना कंपनीचे ऑलिसेरिडीन. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर शिरेतून देण्याच्या या औषधाच्या चाचण्यांत औषधहीन द्रावणापेक्षा त्याचा परिणाम निश्चितपणे सरस ठरला. परंतु मॉर्फीनच्या तुलनेत श्वसनाची सुरक्षितता निर्णायकपणे सिद्ध होऊ शकली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०१८ मध्ये ८ विरुद्ध ७ मतांनी प्रतिकूल कौल दिला. अधिक माहिती सादर झाल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण ती रुग्णालयातील नियंत्रित वापरापुरती. व्यसन आणि श्वसनमंदता यांविषयीचा जो ठळक इशारा अन्य अफूवर्गीय औषधांवर असतो, तोच याही औषधावर छापण्याचे बंधन घालण्यात आले.

पक्षपाती उद्दीपकाचा सिद्धांत : फेरतपासणी

औषधाला मान्यता मिळत असतानाच त्याच्या पायातील सिद्धांत ढासळू लागला होता. पीझेडएम२१ मुळेही मॉर्फीनप्रमाणेच श्वसन मंदावते, असे २०१८ मध्ये एका स्वतंत्र गटाने दाखविले. २०१९ मध्ये आणखी मूलगामी प्रयोग झाला. ज्यांच्या म्यू ग्राहीला बीटा-अॅरेस्टिन नीट चिकटूच शकत नाही असे उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्यात वेदनाशमन वाढले व सह्यता घटली. मात्र श्वसनमंदता आणि बद्धकोष्ठता कमी न होता टिकून राहिली. काही बाबतींत ती वाढली. त्यानंतर २०२० मध्ये बीटा-अॅरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांवरील मूळ प्रयोग तीन निरनिराळ्या प्रयोगशाळांत पुन्हा करून पाहण्यात आला. तिन्ही ठिकाणी मॉर्फीनमुळे या उंदरांचे श्वसन सामान्य उंदरांइतकेच मंदावले. २००५ चा निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही.

मग नव्या संयुगांत जी थोडी सुरक्षितता दिसली होती तिचे कारण काय? याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण २०२० मध्येच पुढे आले. ही संयुगे पक्षपाती नसून केवळ दुर्बळ आहेत, असे ते स्पष्टीकरण होय. काही औषधे ग्राहीला पूर्ण चेतवितात, तर काही अंशतः चेतवितात. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम पेशींत ग्राहींची संख्या नैसर्गिक पेशींहून पुष्कळ अधिक असते आणि जी प्रथिनाचा निरोप टप्प्याटप्प्याने मोठा होत जातो. एखाद्याचा आवाज बारीक असला तरी ध्वनिक्षेपकातून तो सभागृहभर ऐकू येतो, तसे हे आहे. बीटा-अॅरेस्टिनच्या निरोपाला मात्र असा ध्वनिक्षेपक नाही. ते एका ग्राहीला एक याच प्रमाणात चिकटते. त्यामुळे दुर्बळ औषध जी प्रथिनाच्या मोजणीत सबळ दिसते आणि अॅरेस्टिनच्या मोजणीत नगण्य ठरते. मोजमापाच्या पद्धतीतून निर्माण झालेला हा फरक औषधाचा गुणधर्म समजला गेला.

या घटनाक्रमाचे महत्त्व औषधशास्त्रापुरते मर्यादित नाही. एका प्राण्यातील, एका प्रयोगशाळेतील आणि एका पद्धतीने मोजलेला निष्कर्ष पुनरावृत्तीची वाट न पाहता पंधरा वर्षे अनेक प्रकल्पांचा आधार झाला. तरीही शास्त्राने स्वतःची दुरुस्ती स्वतःच केली, हेही नमूद करणे आवश्यक आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी उघडपणे तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दुर्बळतेचा उपयोग

अंशतः उद्दीपन हा दोष नसून त्याचा सदुपयोग करता येतो, याचे जुने उदाहरण म्हणजे ब्युप्रेनॉर्फीन. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात तयार झालेले हे औषध म्यू ग्राहीला घट्ट चिकटते, परंतु त्याला पूर्णपणे चेतवीत नाही. मात्रा वाढवीत गेल्यास एका मर्यादेनंतर श्वसनावरील परिणाम वाढत नाही. मानवी प्रयोगांत नेहमीच्या मात्रांना वेदनाशमन मात्र वाढत राहिल्याचे आढळले आहे. वेदना कमी करण्यासाठी जेवढे उद्दीपन पुरते त्याहून अधिक उद्दीपन श्वास थांबण्यासाठी लागते, असे यामागील कारण मानले जाते. व्यसनावरील उपचारासाठी अमेरिकेत २००२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तथापि ही मर्यादा अभेद्य नाही. मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास ब्युप्रेनॉर्फीनही प्राणघातक ठरू शकते आणि त्याचाही गैरवापर होतोच.

स्थान बदलण्याचे मार्ग

परिणाम स्थानपरत्वे निराळा असेल, तर औषधाला नको त्या स्थानी जाऊ न देणे हा दुसरा मार्ग होय. या मार्गाने मिळालेले यश गाजावाजा न होता रुग्णांच्या पदरात पडले आहे. शिकागो विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ लिऑन गोल्डबर्ग यांनी कर्करोगग्रस्त मित्राला मॉर्फीनमुळे होणारा बद्धकोष्ठतेचा असह्य त्रास पाहून १९७९ मध्ये या प्रश्नात लक्ष घातले. मॉर्फीनचा परिणाम रोखणाऱ्या नॅल्ट्रेक्सोनच्या रेणूला विद्युतभार असलेला गट जोडला तर तो रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे आतड्यातील परिणाम रोखला जातो आणि मेंदू व मेरुरज्जू यांतील वेदनाशमन अबाधित राहते. मिथिलनॅल्ट्रेक्सोन या नावाचे हे औषध २००८ मध्ये मान्य झाले. त्यानंतर याच तत्त्वावरील नॅलोक्सेगॉल, नॅल्डेमेडीन ही औषधे आली. जुलाबावर दिले जाणारे लोपेरामाइड हेही अफूवर्गीय द्रव्यच आहे. नेहमीच्या मात्रेत मेंदूच्या सीमेवरील एक वाहक प्रथिन त्याला परत बाहेर लोटते म्हणून त्याची नशा येत नाही.

बर्लिन येथील ख्रिस्टोफ श्टाइन यांच्या गटाने २०१७ मध्ये आणखी सूक्ष्म युक्ती मांडली. जखम झालेल्या किंवा सुजलेल्या भागातील द्रव निरोगी ऊतीपेक्षा आम्लधर्मी असतो. फेंटॅनिलच्या रेणूत फ्लोरीनचा अणू घालून त्यांनी असे संयुग बनविले की जे केवळ आम्लधर्मी परिसरातच ग्राहीला चिकटण्याजोग्या रूपात येते. उंदरांच्या मोठ्या जातीवरील प्रयोगांत त्यामुळे दुखऱ्या भागातील वेदना कमी झाली, परंतु श्वसनमंदता, गुंगी, बद्धकोष्ठता आणि ओढ दिसली नाही. ज्या वेदनेत सूज नसते तेथे या युक्तीचा उपयोग मर्यादित राहणार हे उघड आहे.

कॅप्पा ग्राहीबाबतही हेच तत्त्व वापरले गेले. मेंदूत सहसा न शिरणारे डायफेलिकेफॅलिन २०२१ मध्ये मान्य झाले. मात्र वेदनेसाठी नव्हे, तर रक्तशुद्धीकरणावर असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना होणाऱ्या खाजेसाठी. याशिवाय म्यू आणि नोसिसेप्टिन अशा दोन ग्राहींना एकाच वेळी अंशतः चेतविणाऱ्या एटी-१२१ या संयुगाने २०१८ मध्ये माकडांवरील प्रयोगात वेदनाशमन केले आणि माकडांनी ते संयुग स्वतःहून घेत राहण्याची प्रवृत्ती दाखविली नाही. २०२२ च्या अखेरीस म्यू ग्राहीच्या खोल भागातील सोडियमच्या जागेपर्यंत पोहोचणारे रेणू तयार केल्याचे वृत्त आले. त्या संशोधनात सुश्रुत मजुमदार यांचा प्रमुख वाटा आहे. तथापि प्राण्यांवरील अशा निष्कर्षांकडे पीझेडएम२१ चा अनुभव ध्यानात ठेवूनच पाहणे इष्ट होय.

गोळीचे स्वरूप, रुग्णातील भेद आणि अन्य मार्ग

द्रव्य तेच ठेवून गोळीचे स्वरूप बदलण्याचाही प्रयत्न झाला. ऑक्सिकाँटिनची गोळी २०१० मध्ये कुटण्यास कठीण अशा स्वरूपात आणली गेली. त्या गोळीचा गैरवापर कमी झाला, परंतु तो करणाऱ्यांपैकी काही जण हेरॉइनकडे वळल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. एका वस्तूची सुरक्षितता वाढली म्हणून समाजाची सुरक्षितता वाढतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळतो.

औषधाची सुरक्षितता घेणाऱ्यावरही अवलंबून असते. कोडीन हे स्वतः फारसे प्रभावी नसते. यकृतातील सीवायपी२डी६ या एंझाइममुळे त्याच्या काही अंशाचे मॉर्फीनमध्ये रूपांतर होते. आनुवंशिक भेदामुळे काही व्यक्तींत हे रूपांतर अत्यंत वेगाने होते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेल्या काही बालकांचा यामुळे मृत्यू झाला आणि अमेरिकेने २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देण्यास मनाई केली.

अफूवर्गाच्या पूर्णतः बाहेरचा मार्गही आता खुला झाला आहे. वेदनावाहक चेतापेशींच्या टोकांत सोडियमचे विशिष्ट मार्ग असतात. त्यांतील एनएव्ही१.८ हा मार्ग रोखणाऱ्या सुझेट्रिजीन या गोळीला ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत तीव्र स्वरूपाच्या अल्पकालीन वेदनेसाठी मान्यता मिळाली. हा मार्ग मुख्यत्वे मेंदूबाहेरील चेतापेशींत असल्याने श्वसनमंदता किंवा ओढ यांची भीती राहत नाही. मात्र हायड्रोकोडोन व पॅरासिटामॉल यांच्या मिश्रणापेक्षा ती सरस असल्याचे चाचण्यांत सिद्ध झाले नाही. म्हणजेच ती मॉर्फीनची जागा घेणारी नसून काही प्रसंगी मॉर्फीनची गरज टाळणारी गोळी आहे.

भारतीय संदर्भ

भारताची स्थिती विरोधाभासाची आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच व गाझीपूर येथे शासकीय कारखाने आहेत. असे असूनही गंभीर आजारातील वेदनेसाठी लागणाऱ्या मॉर्फीनपैकी जेमतेम ४ टक्के भारतीय रुग्णांपर्यंत पोहोचते, असा अंदाज 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडला. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक तरतुदी आणि अनेक परवान्यांची अट यांमुळे रुग्णालये मॉर्फीन ठेवण्यास धजत नसत. कालिकत येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या परिहारसेवेच्या कार्यामुळे आणि डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्यामुळे २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फीनसह सहा औषधांना आवश्यक अमली औषधांचा दर्जा देऊन परवान्याची पद्धत सुलभ करण्यात आली.

दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २.१ टक्के लोक अफूवर्गीय द्रव्यांचे सेवन करतात. तुलनेने सौम्य म्हणून पूर्वी सहज मिळणारे ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. 'सौम्य' या विशेषणावर विसंबून राहण्याचा परिणाम येथेही दिसून येतो. अशा परिस्थितीत निर्धोक औषध येईपर्यंत मॉर्फीन रोखून धरणे जितके अन्यायाचे, तितकेच एखाद्या नव्या औषधाला सुरक्षित समजून त्यावरील देखरेख सैल करणे धोक्याचे ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) म्यू ग्राहीमार्फत होणारे वेदनाशमन आणि श्वसनमंदता यांची आण्विक क्रिया बहुतांशी एकच असल्याने, ग्राहीच्या आतील निरोपांची निवड करून दोहोंची पूर्ण फारकत करण्याचा प्रयत्न अद्याप सफल झालेला नाही.

२) परिणामाची मर्यादा घालणारी अंशतः उद्दीपके आणि परिणामाचे स्थान बदलणारी औषधे या दोन मार्गांनी मिळालेले यश मर्यादित असले तरी ते खरे आहे.

३) औषधाची सुरक्षितता हा केवळ रेणूचा गुण नाही. मात्रा, कालावधी, रुग्णाची आनुवंशिक घडण, सोबत घेतलेली अन्य द्रव्ये आणि विक्रीची पद्धत यांवर ती अवलंबून असते.

४) म्हणून 'सुरक्षित' हा शब्द कोणत्याही नव्या वेदनाशामकाला लावताना तीन प्रश्न विचारले जावेत : कशाच्या तुलनेत, कोणासाठी आणि किती काळासाठी? हेरॉइनपासून ऑक्सिकाँटिनपर्यंतच्या प्रत्येक प्रकरणात यांपैकी किमान एक प्रश्न अनुत्तरित राहिला होता.

अफूवर्गीय औषधांचा त्याग करावा असा याचा अर्थ होत नाही. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत आणि जाणकार देखरेखीखाली दिलेले मॉर्फीन हे आजही विश्वासार्ह औषध आहे. त्याहून चांगले औषध शोधण्याचे काम पुढे चालू राहीलच. तोपर्यंत उपलब्ध औषध गरजूंपर्यंत पोहोचविणे आणि नव्या दाव्यांची पुनःपुन्हा पारख करणे, ही दोन्ही कर्तव्ये सारख्याच निष्ठेने पार पाडली जाणे अगत्याचे आहे.